माशाला दिलेली भूल आणि प्लेटवर न आलेली वाढ

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. करणाऱ्या मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा:

"मॅडम, शिळफाट्याजवळच्या एका शेततळ्यातून बारा चिलापी आणून आम्ही त्यांच्या त्वचेचे आणि कल्ल्यांचे स्वॅब घेतले. मासे तडफडू नयेत म्हणून बादलीत दहा लिटर नळाचं पाणी घेतलं, त्यात लवंग तेलाचे दहा थेंब टाकले आणि सगळे मासे त्यातच ठेवले. एकेक काढून स्वॅब घेतला, न्यूट्रियंट अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या साध्या माध्यमाच्या प्लेटवर) स्ट्रीक करून, म्हणजे फिरवून, ३७ अंशाला ठेवला. पाच माशांच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. सर म्हणतात, लवंग तेल जंतुनाशक असतं, एमएस-२२२ हे माशांच्या भुलीचं औषध वापरा. भुलीच्या औषधानं बॅक्टेरिया खरंच मरतात का? पावसाळ्यात येऊरच्या बेडकांचेही स्वॅब घ्यायचे आहेत, तेव्हा काय वापरू? आणि हे पाच नमुने टाकून देऊ का?"

माशांच्या रोगांचे नमुने तपासण्याचं काम मी नेरुळमध्ये बरीच वर्षं करते आहे. हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तू बादली, थेंब, नळ आणि इन्क्युबेटर सगळं लिहिलं आहेस. उत्तर त्यातच दडलेलं आहे.

आधी सरळ उत्तर देते. हो, माशांना आणि बेडकांना भूल देणाऱ्या जवळजवळ सगळ्या औषधांना बॅक्टेरिया रोखण्याची थोडीफार ताकद असते. पण त्यासाठी लागणारी मात्रा आणि मासा झोपवायला लागणारी मात्रा यांच्यात मोठं अंतर आहे. म्हणून 'औषध जंतुनाशक आहे का' एवढंच विचारून भागत नाही. स्वॅबच्या कापसावर किती औषध आलं आणि ते तिथे किती वेळ राहिलं, हे विचारायला हवं.

लवंग तेलाचंच बघ. त्यातला मुख्य घटक युजेनॉल, साधारण ७० ते ९० टक्के. हा फिनॉल जातीचा, तेलकट रेणू आहे. तो बॅक्टेरियाच्या पेशीपटलात घुसतो, पटल सैल करतो आणि आतलं पोटॅशियम आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर झिरपायला लागतं. दंतवैद्य दातात झिंक ऑक्साइडबरोबर जे भरतात त्यात हेच युजेनॉल असतं, त्यामुळे सरांचं म्हणणं चूक नाही. पण बहुतेक ग्रॅम-ऋण (बाहेरून आणखी एक पटल असलेल्या) बॅक्टेरियांची वाढ थांबवायला युजेनॉल लिटरला साधारण ५०० ते २००० मिलिग्रॅमच्या घरात लागतं, तेही २४ तास सतत. चिलापी आडवी पडायला लिटरला ४०-५० मिलिग्रॅम पुरतात, आणि ती त्या पाण्यात राहते जेमतेम पाच मिनिटं. म्हणजे मात्रा दहा ते पन्नास पटींनी कमी आणि वेळ शेकडो पटींनी कमी.

पुढचा हिशोब वहीत मांडून बघ. ओल्या स्वॅबच्या टोकावर फार तर ०.१ मिली पाणी येतं. लिटरला ४० मिलिग्रॅम या दरानं त्यात युजेनॉल झालं ४ मायक्रोग्रॅम. २० मिली अगारच्या प्लेटवर ते पसरलं की मिलीमागे ०.२ मायक्रोग्रॅम उरतं. लागतात मिलीमागे किमान ५०० (लिटरला ५०० मिलिग्रॅम म्हणजे तेवढेच). एवढ्याशा युजेनॉलनं एरोमोनासचं, म्हणजे माशांना चट्टे आणणाऱ्या नेहमीच्या बॅक्टेरियाचं, काही वाकडं होणार नाही. उलट सुडोमोनास गटातले काही बॅक्टेरिया युजेनॉल खाऊन त्यावर वाढतात. ते आधी त्याचं फेरुलिक आम्ल करतात, मग व्हॅनिलिन, आणि शेवटी पचवूनच टाकतात.

मग तुझ्या पाच प्लेट कोऱ्या कशा? हिशोबात मी गृहीत धरलं की तेल पाण्यात नीट मिसळलं होतं. तू थेंब थेट बादलीत टाकलेस. तिथेच माझा पहिला संशय आहे.

मलाही हा धडा तळ्याच्या काठावरच मिळाला. पनवेलच्या बाजूला एका जिताड्याच्या तळ्यावर गेले होते. माशांच्या अंगावर लाल चट्टे, शेपटीच्या बुडाशी खवले उडालेले. वाशीच्या मसाला मार्केटमधून आणलेलं लवंग तेल होतं, सोबतच्या मुलानं ते ड्रॉपरनं बादलीत सोडलं आणि काठीनं ढवळलं. मासे झोपले, चट्ट्यांवरून स्वॅब घेतले, मग त्यातलेच दोन मासे उघडून मूत्रपिंडातून लूपनं नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाच्या प्लेट एरोमोनाससारख्या कॉलन्यांनी भरून गेल्या होत्या आणि चट्ट्यांच्या प्लेट स्वच्छ. मूत्रपिंडात भरभरून बॅक्टेरिया असलेल्या माशाच्या उघड्या जखमेवर एकही नसणं मला पटेना. स्वॅबच्या उरलेल्या नळ्या फ्रिजमध्ये होत्या. एक उघडली आणि लवंगेचा इतका उग्र वास आला की पुढचं सांगायची गरज उरली नाही.

मी परत तळ्यावर गेले, तशीच बादली भरायला सांगितली आणि उन्हाकडे तिरकी धरली. पाण्यावर इंद्रधनुषी रंगाची पातळ साय होती. लवंग तेल पाण्यापेक्षा किंचित जड असतं, तरी न विरघळलेलं तेल ढवळलं की त्याचे बारीक थेंब होतात. काही तळाशी बसतात, काही पृष्ठभागावर पसरतात. मासा उचलताना तो त्या सायीतूनच वर येतो आणि तेलाचा थर त्याच्या अंगावरच्या चिकट स्त्रावाला धरतो. बादलीत सरासरीनं लिटरला ४० मिलिग्रॅम असतीलही, पण स्वॅबनं टिपलं ते निव्वळ तेल, म्हणजे बॅक्टेरिया रोखण्याच्या मात्रेच्या शेकडो पट युजेनॉल. आणि ते स्वॅब दुपारपासून रात्रीपर्यंत नळीत बंद होते. बॅक्टेरिया मेले ते बादलीत नव्हे, स्वॅबच्या नळीत.

म्हणून लवंग तेल कधीही थेट पाण्यात टाकू नकोस. १ भाग तेल आणि ९ भाग इथेनॉल असं आधी मिसळ. या मिश्रणाच्या १ मिलीमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम तेल येतं. झाकणाच्या बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात ते जोरात हलव, दुधी झालं की बादलीत ओत. दहा लिटरला ४ मिली टाकलं की लिटरला ४० मिलिग्रॅम होतं. इथेनॉल किती गेलं? १० लिटरमध्ये ३.६ मिली, म्हणजे ०.०४ टक्क्यांहून कमी, त्याचा बॅक्टेरियांवर परिणाम होत नाही. थेंबांवर विसंबू नकोस. ड्रॉपरनुसार थेंब लहानमोठा होतो आणि तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाएवढा नसतो.

दुसरा संशय नळावर. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, तुमच्याकडे ठाण्यात भातसा आणि उल्हासचं. दोन्हीकडे ते क्लोरीन घालूनच घरी पोचतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या टोकाशी मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा, आणि टाकीजवळच्या इमारतीत तो याहून बराच जास्त असू शकतो. हे औषध तर बॅक्टेरिया मारण्यासाठीच घातलेलं असतं. पाण्यात मोकळे तरंगणारे बॅक्टेरिया ते मिनिटांत संपवतं, त्वचेवरच्या चिकट स्त्रावात लपलेल्यांना जरा उशीर लागतो. कल्ल्यांची आगही होते, मासा उगाच हाल सोसतो. नमुन्यांच्या कामाला नळाचं पाणी घेऊन दोष लवंग तेलावर टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तळ्याचंच पाणी कॅनमध्ये भरून आण. नळाचंच घ्यावं लागलं तर क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट घाल आणि क्लोरीन तपासायच्या किटनं रंग येत नाही हे बघूनच मासा सोड. ते किट दोनशे-चारशे रुपयांत मिळतं आणि वर्षभर पुरतं.

तिसरी गोष्ट इन्क्युबेटरची. एरोमोनास हायड्रोफिला ३७ अंशाला वाढतो, त्यामुळे त्याबाबतीत तुझं फार बिघडलं नाही. पण माशांच्या त्वचेवरचे आणि कल्ल्यांवरचे कितीतरी बॅक्टेरिया २८ अंशालाच खुलतात. कल्ले कुजवणारा फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेर तर न्यूट्रियंट अगारवर धड उगवतच नाही. त्याला कमी अन्नाचं सायटोफेगा अगार लागतं, आणि त्यावर तो पिवळसर, मुळांसारख्या कडांच्या सपाट कॉलन्या करतो. म्हणून 'वाढ नाही' असं लिहिताना कुठल्या माध्यमावर आणि किती अंशाला, हे त्याच ओळीत लिहायची सवय लाव. प्लेट २८ अंशाला ठेव आणि ४८ तासांच्या आत नकारार्थी ठरवू नकोस.

तळेवाल्याला एक गोष्ट विचारली होतीस का? मासे मरायला लागले की माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो. ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यात घातलं, पोटॅशियम परमँगनेट टाकलं, मिठाच्या पाण्यात बुडवले आणि मग तपासायला आणले, असं फार वेळा घडतं. माझ्याकडे नमुना आला की मी पहिल्यांदा विचारते, "दादा, गेल्या पंधरा दिवसांत तळ्यात काय काय टाकलंत?" लोक खरं सांगतात, पण विचारलं तरच.

आता सरांच्या एमएस-२२२ विषयी. चांगलं औषध आहे, मी स्वतः वापरते. रासायनिक दृष्टीनं ते बेंझोकेन या स्थानिक भुलीच्या औषधाचा भाऊ. रेणूसूत्र तेच, फक्त अमिनो गट एका घरानं सरकलेला, आणि मिथेनसल्फोनेटचा क्षार केल्यामुळे पाण्यात सहज विरघळणारं. पण 'लवंग तेल जंतुनाशक आणि हे निरुपद्रवी' असं नाही. स्थानिक भुलीची औषधं बॅक्टेरिया रोखतात ही जुनी गोष्ट आहे. फुप्फुसातून ब्राँकोस्कोपनं नमुना घेताना लिडोकेन जास्त झालं तर कल्चर बिघडू शकतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. एमएस-२२२ देखील काही ग्रॅम-ऋण बॅक्टेरियांची वाढ दाबतं, असे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत. माशाला लिटरला १०० मिलिग्रॅम या नेहमीच्या मात्रेला मात्र, वरच्या हिशोबानंच, स्वॅबवर त्याचा परिणाम नगण्य राहतो.

त्याची खरी खोड आम्लतेची. एमएस-२२२ चं लिटरला १० ग्रॅमचं द्रावण पीएच ३ च्या आसपास असतं. आपल्याकडच्या पावसाळी धरणांच्या मऊ पाण्यात बफर करायची, म्हणजे पीएच सावरून धरायची, ताकद कमी, त्यामुळे १०० मिलिग्रॅमनंही पीएच बराच खाली येतो. माशाची त्वचा आणि कल्ले त्यानं चिडतात, स्त्राव सुटतो आणि स्त्रावाबरोबर तुझे बॅक्टेरियाही वाहून जातात. शिवाय आम्लच काही बॅक्टेरियांना नको असतं. अशा वेळी प्लेटवर वाढ कमी दिसली तर ती भुलीमुळे की आम्लामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून औषधाच्या वजनाएवढा ते दुप्पट खाण्याचा सोडा त्यात घाल, पीएच ७ ते ७.५ झाल्याचं मीटरवर बघ, मगच मासा सोड. द्रावण उजेडात पिवळट-तपकिरी पडतं, म्हणून काळ्या बाटलीत ठेव आणि रंग बदलला की टाकून दे.

बेंझोकेनची एक वेगळी गंमत तुझ्यासारख्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला माहीत हवी. ते तुटलं की पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल तयार होतं. सल्फा औषधं बॅक्टेरियाच्या पेशीत याच आम्लाची जागा अडवून काम करतात. म्हणजे बेंझोकेन पुरेसं जवळ असेल तर बॅक्टेरियाला सल्फाविरुद्ध मदतच मिळते. भुलीचं औषध नेहमी वाढ कमीच करेल, असं समजू नये ते यासाठी. सल्फाची डिस्क (औषध भरलेली कागदी चकती) लावायची असेल तर थेट स्वॅबवरून नको, शुद्ध कॉलनी पुन्हा उतरवून तिच्यावर लाव.

२-फिनॉक्सीइथेनॉल हे आणखी एक. क्रीम-लोशनमध्ये आणि इंजेक्शनच्या पोलिओ लसीत ते जंतुरोधक म्हणून घालतात, म्हणून ऐकताच लोक बिचकतात. युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. माशांना ते लिटरला ०.२ ते ०.५ मिली देतात, म्हणजे ०.०२ ते ०.०५ टक्के. इथेही वीस ते पन्नास पटींचं अंतर.

या सगळ्याची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते. माशाच्या मात्रेत ही औषधं बॅक्टेरिया मारत नाहीत, याचा अर्थ भुलीची बादली निर्जंतुक नसते. तू बाराही मासे एकाच पाण्यात ठेवलेस. पहिल्या आजारी माशाच्या जखमेतून सुटलेला एरोमोनास त्याच पाण्यात फिरला आणि बाकीच्या अकरा माशांच्या अंगाला लागला. झोपलेल्या माशाचे कल्ले मंद हलत असतात, पाणी आत ओढत असतात. मासे परत तळ्यात सोडायचे असते तर तू रोग वाटला असतास. आणि तुझ्या नमुन्यांपुरतं बोलायचं तर त्या सात 'वाढ आलेल्या' प्लेटही आता शंकास्पद आहेत. सातही माशांवर सारखाच बॅक्टेरिया मिळाला, तर तो तळ्यातल्या सातांवर होता की बादलीत एकाकडून सातांना मिळाला? तुझा प्रश्न पाच कोऱ्या प्लेटांचा होता, पण मी तुझ्या जागी असते तर सात भरलेल्या प्लेटांनीही मला तेवढंच अस्वस्थ केलं असतं. एका माशाला एक लहान बादली आणि नवं पाणी, एवढं पथ्य पाळ. तीन लिटर पाणी पुरतं.

आता बेडूक. इथे मात्र मी माशांचा हिशोब गुंडाळून ठेवते, कारण बेडकांची मात्रा वेगळ्याच पट्टीत मोजतात. बेडूक औषध त्वचेतून शोषतो. बेडूकमाशांना एमएस-२२२ लिटरला २०० ते ५०० मिलिग्रॅम चालतं, पण मोठ्या बेडकाला झोपवायला १ ते २ ग्रॅम लागतात. दयामरणासाठी तर ५ ते १० ग्रॅम. माशाच्या भुलीच्या दहा, वीस, शंभर पट. या मात्रेत बॅक्टेरियांवर परिणाम होण्याची शक्यता खरीखुरी आहे. ५ ग्रॅमच्या द्रावणातून काढलेल्या बेडकाचा ओला स्वॅब १ मिली ब्रॉथमध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या पातळ माध्यमात) टाकलास, तर ब्रॉथमध्ये मिलीमागे साधारण ४५० मायक्रोग्रॅम औषध गेलं. माशाच्या वेळचे ०.२ आठव आणि या आकड्याशी ताडून बघ.

पण तुला त्वचेचेच स्वॅब हवे असतील तर बेडकाला भूल द्यायचीच कशाला? गरज नाही. प्रत्येक बेडकासाठी नवे, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घाल, बेडूक हळुवार धर, निर्जंतुक पाण्यानं धुऊन चिखल आणि पाण्यातले तात्पुरते बॅक्टेरिया काढ, मग पोट, मांड्या आणि पायांच्या पडद्यांवरून स्वॅब फिरव. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, बेडूक जिथे होता तिथेच सोडता येतो. भूल लागते ती रक्त काढताना किंवा शस्त्रक्रियेला, आणि तेव्हाही आधी स्वॅब, मग औषध.

आणि बेडकाच्या प्लेटवर वाढ कमी आली तर दोष द्यायला औषधच असेल असं नाही. दोष खुद्द बेडकाचा असू शकतो. मायकेल झॅसलॉफ अमेरिकेत झेनोपस जातीच्या बेडकांवर काम करत होते. अंडी काढायला पोटावर छेद देऊन ते बेडूक परत टाकीतल्या गढूळ पाण्यात सोडले जात, आणि तरी त्यांच्या जखमा न चिघळता भरत. त्यांनी त्याचा माग काढला आणि १९८७ मध्ये त्वचेतल्या जंतुरोधक पेप्टाइडांचा शोध प्रसिद्ध केला. हिब्रूतल्या 'ढाल' या शब्दावरून त्यांना नाव दिलं मॅगेनिन. बेडकाला त्रास झाला, घाबरवलं, घट्ट दाबलं की त्वचेच्या ग्रंथींतून असे स्त्राव सुटतात. म्हणजे तू बेडकाला पाच मिनिटं हातात चुरगाळलंस तर स्वॅबवर बॅक्टेरियांबरोबर त्यांना मारणारी पेप्टाइडंही येतात. भेक (टोड) असेल तर कानामागच्या ग्रंथींचा पांढरा स्त्राव वेगळाच. शिवाय बेडकांच्या त्वचेवरचे काही बॅक्टेरियाही दुसऱ्यांना दाबतात. जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम नावाचा जांभळ्या कॉलन्यांचा बॅक्टेरिया व्हायोलेसिन बनवतो आणि त्वचेवरच्या कायट्रिड बुरशीला अटकाव करतो. तुझ्या प्लेटवर जांभळी कॉलनी आली तर ती टाकू नकोस, मला फोन कर!

येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. बेडूक पकडायला वनखात्याची लेखी परवानगी आणि महाविद्यालयाच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आधी लागते. पावसाळा सुरू झाल्यावर अर्ज केलास तर परवानगी दिवाळीत येईल, म्हणून आत्ताच कर.

प्रकल्पात हा प्रश्न स्वतः तपासून बघायचा असेल तर फार खर्च नाही. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून एरोमोनास हायड्रोफिला मागव, किंवा तुझ्याच तळ्यातला शुद्ध करून घे. दोन वेगळे प्रयोग कर आणि त्यांची गल्लत करू नकोस. पहिला, ब्रॉथमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत वाढ थांबायची किमान मात्रा काढायचा, २८ अंशाला २४ तास. दुसरा, तुझ्या खऱ्या परिस्थितीचा: भुलीच्या मात्रेच्या द्रावणात बॅक्टेरिया ५, १० आणि ३० मिनिटं ठेवायचे, लगेच दहापट-दहापट पातळ करून प्लेटवर मोजायचे. पहिल्याचं उत्तर 'दाबतं' आणि दुसऱ्याचं 'काहीच फरक नाही' असं येऊ शकतं, आणि दोन्ही बरोबर असतील. तिसरी मांडणी मी स्वतःहून सुचवीन, कारण ती कुणी करत नाही: औषधाच्या द्रावणात भिजवलेला स्वॅब बॅक्टेरियासह नळीत चार तास ठेवून मग प्लेटवर फिरव. तुझ्या कामात तेच घडतं.

कंट्रोल, म्हणजे औषधाविना केलेल्या तुलनेच्या मांडण्या, मात्र हव्यातच. फक्त पाणी, तेवढंच इथेनॉल घातलेलं पाणी, एमएस-२२२ साठी हायड्रोक्लोरिक आम्लानं त्याच पीएचला आणलेलं पाणी. हा शेवटचा कंट्रोल नसेल तर आम्लाचा परिणाम औषधाच्या खाती जमा होतो. युजेनॉलसाठी डिस्कची पद्धत नको. ते अगारमध्ये नीट पसरत नाही, हवेत उडतं आणि शेजारच्या डिस्कचं वर्तुळही मोठं करून ठेवतं. ब्रॉथमध्येही तेल मिसळवायला थोडं ट्वीन-८० लागतं, नाहीतर तेल वर तरंगतं. तेलाच्या दुधी रंगामुळे ऑप्टिकल डेन्सिटी खोटी जास्त दिसते, म्हणून गढूळपणा मोजू नकोस, रेझाझुरिन हा रंग घाल. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे, डोळ्यांनीच कळतं.

भूल दिलेले मासे बाजारात किंवा स्वयंपाकघरात जाणार नाहीत याची खबरदारी घे. अमेरिकेत एमएस-२२२ दिलेला खाण्याचा मासा २१ दिवस विकता येत नाही. तळेवाला प्रेमानं म्हणेल, "राहू द्या ताई, घरी नेतो." नको म्हणायचं आणि मासे पुरून टाकायचे.

राहिले तुझे पाच नमुने. वही काढ आणि ते पाच मासे कितव्या क्रमांकाला बादलीतून बाहेर आले ते बघ. पहिले चार-पाच असतील, तर तेलाची साय किंवा क्लोरीन, दोनांपैकी एक. दोन्ही सुरुवातीला जास्त असतात. साय माशांच्या अंगाला लागून लागून संपते, क्लोरीन स्त्राव आणि विष्ठेत खर्ची पडतो. स्वॅबच्या नळ्या अजून असतील तर झाकण उघडून वास घे. लवंग आली तर तेल, नाही आली तर नळ. क्रमांक विखुरलेले असतील आणि वासही नसेल, तर त्या माशांवर खरोखरच कमी बॅक्टेरिया असतील, किंवा तुझ्या माध्यमावर न उगवणारे असतील. तसे असतील तर 'न्यूट्रियंट अगारवर ३७ अंशाला वाढ नाही' एवढंच लिही आणि नोंद ठेव. पहिल्या दोन कारणांतलं एक निघालं तर बाराही नमुने बाद कर, भरलेल्या सातांसकट, आणि तळ्यावर पुन्हा जा. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन कर. थायोसल्फेट आणि सायटोफेगा अगारच्या प्लेट माझ्याकडून घेऊन जा.